जमा कोणाची, खर्च कोणाचा?

१४१५ मध्ये पोर्तुगालने उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे सेउता बंदर जिंकले. १५२२ मध्ये मॅगेलनच्या पाच जहाजांपैकी ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज अठरा खलाशांसह पृथ्वीला वळसा घालून स्पेनला परतले. या १०७ वर्षांत बार्तोलोमेउ दियशने आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडले (१४८८), कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला (१४९२), वास्को द गामा कालिकतला पोहोचला (१४९८) आणि काब्राल ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला (१५००). हजारो वर्षे एकमेकांपासून तुटलेले भूखंड या प्रवासांमुळे कायमचे जोडले गेले.

ही जोडणी अवघ्या मानवजातीची कमाई ठरली की जगाच्या मोठ्या भागाची लूट, हा वाद अजून संपलेला नाही. भारतीय वादपद्धतीत प्रश्न पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष अशा दोन बाजूंनी तपासला जातो. येथेही तीच रीत ठेवली आहे. पूर्वपक्षाच्या मते या मोहिमांनी माणसाचे ज्ञान, अन्न आणि व्यापार वाढवला, म्हणून त्या इतिहासातील मोठी झेप होत. उत्तरपक्षाच्या मते त्या झेपेखाली चिरडलेल्यांची गणना केल्याशिवाय तिला मोठी म्हणता येत नाही.

१. ‘शोध’ या शब्दाचा अर्थ

पूर्वपक्ष : भूमी नुसती दृष्टीस पडणे म्हणजे शोध नव्हे. तेथे जाऊन परत येण्याची आणि पुन्हा जाण्याची खात्रीची वाट सापडली, तर तो शोध. इसवी सन १००० च्या सुमारास नॉर्स खलाशी न्यूफाउंडलंडपर्यंत गेले होते, पण तो संबंध टिकला नाही. पोर्तुगीजांनी मात्र अटलांटिकच्या वाऱ्यांचे कोडे सोडवले. आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली गेलेले जहाज त्याच वाटेने परतू पाहते तेव्हा वारा समोरून येतो. म्हणून खलाशी किनारा सोडून खुल्या समुद्रात वायव्येकडे मोठे वळण घेत आणि अनुकूल वारा सापडला की घरी वळत. हीच युक्ती पुढे दक्षिण अटलांटिकमध्येही उपयोगी पडली. डोळ्यांसमोरचा किनारा सोडून अज्ञात पाण्यात शिरण्याचे हे धैर्य आणि त्यामागचे निरीक्षण ही खरी विद्या होती.

उत्तरपक्ष : अटलांटिकपुरते हे मान्य आहे. हिंदी महासागरात मात्र शोधण्यासारखी वाट उरलीच नव्हती. पूर्व आफ्रिका, अरबस्तान, गुजरात, कोकण, मलबार आणि मलाक्का यांच्यामध्ये मोसमी वाऱ्यांवर चालणारी ये-जा शतकानुशतके रुळलेली होती. गामाला मालिंदीच्या सुलतानाने या समुद्राचा जाणकार खलाशी दिला, म्हणून त्याचा ताफा साडेतीन आठवड्यांत मलबारला पोहोचला. कालिकतला पाठवलेल्या त्याच्या पहिल्या माणसाची गाठ ट्युनिसच्या दोन व्यापाऱ्यांशी पडली आणि त्यांना स्पेनची भाषा येत होती. परतताना गामाने मोसमाची वाट पाहिली नाही. कारवारजवळच्या अंजदीव बेटाहून आफ्रिकेचा किनारा गाठायला त्याला जवळजवळ तीन महिने लागले आणि सुमारे तीस माणसे स्कर्व्हीने मेली. जाताना स्थानिक ज्ञान सोबत होते, येताना नव्हते.

पूर्वपक्ष : तरीही लिस्बन ते कालिकत ही सलग सागरी वाट त्यापूर्वी कोणी जोडली नव्हती. दुवे जुने असले तरी साखळी नवी होती.

उत्तरपक्ष : ‘साखळी जोडली’ हे वर्णन योग्य आहे. ‘भारताचा शोध लावला’ हे मात्र योग्य नाही, कारण त्यात आधीपासून समुद्रावर वावरणाऱ्या माणसांचा मागमूस उरत नाही.

२. मोहिमा का निघाल्या

पूर्वपक्ष : १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, पूर्वेकडील व्यापाराची वाट अडली आणि युरोपला पर्यायी मार्ग शोधणे भाग पडले. ही गरजेतून जन्मलेली धडपड होती.

उत्तरपक्ष : हे कारण पाठ्यपुस्तकांतून रूढ झाले असले तरी काळाच्या क्रमात नीट बसत नाही. सेउता १४१५ मध्ये जिंकले गेले आणि जिल इयानिशने बोजादोरचे भूशिर १४३४ मध्ये ओलांडले, म्हणजे दोन्ही घटना कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावाआधीच्या. १४५३ नंतरही इजिप्तमार्गे व्हेनिसला मिरी पोहोचत होती. पोर्तुगीजांचे पहिले आकर्षण पश्चिम आफ्रिकेचे सोने होते. त्याला मुसलमान सत्तांशी लढण्याची धर्मभावना आणि साखरेच्या मळ्यांसाठी मजुरांची हाव जोडली गेली. १४४४ मध्ये पोर्तुगालमधील लागोस बंदरात २३५ आफ्रिकी बंदी उतरवले गेले आणि कुटुंबांची ताटातूट करून त्यांची वाटणी झाली. कोलंबसाच्या प्रवासाला तेव्हा अट्ठेचाळीस वर्षे अवकाश होता. गुलामांचा व्यापार हे या मोहिमांचे पुढे उगवलेले विषारी फळ नव्हे, तो सुरुवातीपासून मुळात होता.

पूर्वपक्ष : हेतू मिश्र होते, हे नाकारता येत नाही. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची मक्तेदारी मोडून मिरी थेट आणण्याची इच्छाही त्यांत होती आणि व्यापारी स्पर्धा हा काही गुन्हा नव्हे. या मोहिमा खलाशांनाही स्वस्त पडल्या नाहीत. गामाच्या पहिल्या सफरीत सुमारे १७० माणसे निघाली आणि त्यांतील निम्मीसुद्धा परतली नाहीत.

३. समुद्रावर मालकी

पूर्वपक्ष : नवा मार्ग खुला झाल्यावर नवा व्यापारी उतरणारच. कालिकत, कोचीन, गोवा आणि चौल या बंदरांत आधीही अनेक देशांचे व्यापारी होते. त्यांत एकाची भर पडली.

उत्तरपक्ष : भर पडली ती वेगळ्याच वागणुकीची. गामाने कालिकतच्या झामोरिन राजासाठी आणलेले कापड, टोप्या, पोवळी, हात धुण्याची भांडी, साखर आणि मध पाहून दरबारातले लोक हसले, कारण मक्केहून येणारा साधा व्यापारीही याहून अधिक देत असे. विकायला मोलाचा माल नव्हता. मोलाच्या होत्या त्या तोफा. १५०२ च्या दुसऱ्या सफरीत गामाने मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे जहाज शेकडो माणसांसह जाळले. १५०८ मध्ये चौलपाशी इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले, पण पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत पारडे फिरले. त्यानंतर गोवा (१५१०), मलाक्का (१५११) आणि होर्मुझ (१५१५) ही समुद्राची नाकी एकामागून एक ताब्यात गेली. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या भोवतीचा मुलूख तहाने दिला.

या साऱ्याचा गाभा होता ‘कार्ताज’ नावाचा परवाना. हिंदी महासागरातल्या जहाजाने पोर्तुगीजांकडून कार्ताज घ्यायचा, त्यांच्या ठाण्यावर जकात भरायची आणि त्यांनी मना केलेला माल न्यायचा नाही. परवाना नसेल, तर जहाज जप्त होई. मोगल घराण्यातल्या हजयात्रेकरूंनाही त्याशिवाय समुद्रावर जाता येत नसे. कालपर्यंत जो समुद्र कोणाच्याच मालकीचा नव्हता, त्यावर चालण्याचे शुल्क द्यावे लागू लागले.

पूर्वपक्ष : आशियाई सत्ता बळाचा वापर करत नव्हत्या, असेही नाही. चीनच्या झंग हने १४०५ ते १४३३ या काळात सात सफरी केल्या. त्याच्या प्रचंड ताफ्यात सशस्त्र सैनिक होते आणि श्रीलंकेच्या एका राजाला कैद करून त्याने चीनला नेले. पुढे कान्होजी आंग्र्यांनीही कोकण किनाऱ्यावर जहाजांना दस्तक घ्यायला लावले.

उत्तरपक्ष : दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण त्यांतला फरकही तितकाच खरा आहे. झंग हच्या ताफ्याने कालिकतला वारंवार भेट दिली, तरी तेथे किल्ला बांधला नाही आणि बंदराची जकात स्वतःकडे वळवली नाही. आंग्र्यांचे दस्तक आपल्या किनाऱ्यापुरते होते आणि परवान्याची चाल त्यापूर्वी दोनशे वर्षे पोर्तुगीजांनी रुळवली होती. याउलट १४९४ च्या तोर्देसियासच्या तहात स्पेन आणि पोर्तुगाल यांनी अटलांटिकवर एक रेघ मारून पलीकडचे जग आपसांत वाटून घेतले. त्या जगातल्या कोणाला विचारलेही नाही. १६२१ मध्ये डच कंपनीने जायफळाच्या मक्तेदारीसाठी बांदा बेटांवर जे केले, ते याच मालकीहक्काचे टोक. सुमारे पंधरा हजार रहिवाशांपैकी बहुतेक मारले गेले, उपासमारीने मेले किंवा परागंदा झाले आणि जायफळाच्या बागांत गुलाम आणून बसवले गेले.

४. मृत्यू आणि मजुरी

पूर्वपक्ष : अमेरिका खंडांतील लोकसंख्येच्या ऱ्हासाचे मुख्य कारण रोग होते. देवी, गोवर आणि इन्फ्लुएंझा या रोगांशी तेथील शरीरांची कधी ओळखच झाली नव्हती. १५२० मध्ये देवीची साथ अझ्टेकांच्या तेनोच्तित्लान नगरीत शिरली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ती राजधानी पडली. जंतूंचे अस्तित्व त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. ज्याचे ज्ञानच नव्हते, त्याचा दोष माथी मारता येत नाही. शिवाय आजारांची ये-जा एकाच दिशेने झाली नाही. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘फिरंगरोग’ या नावाने वर्णिलेला उपदंश युरोपीयांबरोबरच भारतात आला, आणि युरोपमध्ये तो कोलंबसाच्या पहिल्या सफरीनंतर भडकला होता.

उत्तरपक्ष : जंतूंबद्दल दोष देता येत नाही, हे योग्य आहे. पण रोग सशक्त समाजावर येणे वेगळे आणि मोडून पडलेल्या समाजावर येणे वेगळे. हिस्पानिओला बेटावर देवीची मोठी साथ १५१८ मध्ये आली. त्याआधीच्या पंचवीस वर्षांत तेथील तायनो लोकांना सोन्याच्या खाणींत सक्तीने राबवले गेले, त्यांची शेती उद्ध्वस्त झाली आणि त्यांची संख्या झपाट्याने घसरली. १५११ मध्ये त्याच बेटावर मोंतेसिनोस या धर्मगुरूने ही माणसे नव्हेत काय, असा सवाल भर प्रवचनात वसाहतकारांना केला. प्रश्न विचारला गेला, याचा अर्थ अन्याय त्या काळाच्या डोळ्यांनाही दिसत होता.

पूर्वपक्ष : तो सवाल युरोपच्याच माणसाने केला, हेही लक्षात घ्यावे. लास कासास या धर्मगुरूने आयुष्यभर मूळ रहिवाशांची बाजू मांडली. स्पेनच्या १५४२ च्या नव्या कायद्यांनी त्यांना गुलाम करण्यास मनाई केली. १५५०-५१ मध्ये वायादोलिद येथे लास कासास आणि या जिंकण्याचे समर्थन करणारा सेपुल्वेदा यांचा राजाज्ञेने जाहीर वाद झाला. जिंकणाऱ्या सत्तेने जिंकण्याच्या नैतिकतेवर स्वतःहून वाद घडवून आणल्याची उदाहरणे इतिहासात फार थोडी आहेत.

उत्तरपक्ष : त्या वादाचे मोल मोठे आहे, पण त्याने खाणी थांबल्या नाहीत. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातील पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली आणि १५७० च्या दशकात ‘मिता’ नावाच्या वेठबिगारीने अँडीजच्या गावांतील पुरुषांना पाळीपाळीने तेथे जुंपले गेले. मूळ रहिवाशांची संख्या घटली तशी त्यांची जागा आफ्रिकेतून आणलेल्यांनी भरली. लास कासासनेही एके काळी आफ्रिकी गुलाम आणण्याचा सल्ला दिला होता. त्याचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला. साडेतीन शतकांत सुमारे १ कोटी २५ लाख माणसांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत कोंबले गेले. त्यांतील सुमारे १८ लाख पलीकडचा किनारा पाहण्याआधीच मरण पावली.

पूर्वपक्ष : गुलामगिरी युरोपने निर्माण केलेली नाही. हिंदी महासागरातही गुलामांचा व्यापार होता. इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर अनेकदा विकला जात दख्खनला पोहोचला.

उत्तरपक्ष : तोच मलिक अंबर पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले. यामुळे दख्खनची गुलामगिरी निर्दोष ठरत नाही. पण कॅरिबियनच्या ऊसमळ्यात कातडीच्या रंगावरून गुलामी ठरत होती आणि आईची गुलामी कायद्याने मुलाच्या कपाळी येत होती. तेथे मलिक अंबर घडण्याला वावच नव्हता. गुलामी जुनी होती. वंशावर आधारलेली, पिढीजात आणि कारखान्यासारखी चालणारी गुलामी नवी होती.

५. ताटातले जग

पूर्वपक्ष : आता दुसरी बाजू पाहावी. मका, बटाटा, रताळे, कसावा, भुईमूग, मिरची, टोमॅटो, काजू, पपई, अननस, पेरू आणि तंबाखू ही पिके अमेरिकेतून जगभर गेली. गहू, ऊस, घोडे आणि गुरे उलट दिशेने गेली. आल्फ्रेड क्रॉस्बी या इतिहासकाराने १९७२ च्या ग्रंथात या देवाणघेवाणीला ‘कोलंबियन विनिमय’ हे नाव दिले. बटाट्याने उत्तर युरोपची भूक भागवली. रताळे आणि मका यांनी चीनच्या डोंगराळ जमिनी लागवडीखाली आणल्या. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरातले उदाहरण तर रोजचे आहे. मिरची येण्यापूर्वी येथे तिखटपणासाठी मुख्यतः मिरी, पिंपळी आणि आले यांच्यावर भिस्त होती. उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीतला साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा. त्यातले शेंगदाणे, बटाटा आणि मिरचीही अटलांटिकपलीकडची. चांदीचेही तसेच. अमेरिकेची चांदी युरोपमार्गे सुरतेला येऊन टाकसाळीत रुपयांच्या रूपाने बाहेर पडू लागली आणि १५७१ नंतर मनिलामार्गे चीनलाही पोहोचली. जग प्रथमच एका बाजारात आले.

उत्तरपक्ष : पिकांचा लाभ निर्विवाद आहे. प्रश्न असा, की त्यासाठी तोफांची गरज होती काय? ऊस, कापूस, तांदूळ आणि लिंबूवर्गातली फळे आशियातून भूमध्य समुद्रापर्यंत पूर्वीच गेली होती. त्यांना व्यापारी, शेतकरी आणि प्रवासी घेऊन गेले. त्यासाठी जहाजे अडवून परवाने विकावे लागले नाहीत. बी रुजते ते जमीन आणि शेतकरी यांच्यामुळे. मिरचीचे रोप कोणाच्या हुकुमाने मराठी परसात वाढले नाही.

पूर्वपक्ष : पण कोणीतरी महासागर ओलांडल्याशिवाय ते बी येथे येणार नव्हते.

उत्तरपक्ष : महासागर ओलांडणे हा एक निर्णय होता आणि पोहोचल्यावर समोरच्याचा किनारा बळकावणे हा दुसरा. पहिल्याचा लाभ दुसऱ्याच्या समर्थनासाठी वापरता येत नाही.

६. ज्ञानाची देवघेव

पूर्वपक्ष : ज्ञानाच्या क्षेत्रात तरी लाभ दुतर्फा होता. १५५६ मध्ये गोव्यात भारतातला पहिला छापखाना सुरू झाला. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सचे मराठीतले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथात मलबारच्या वनस्पतींचे सचित्र वर्णन आले. त्यासाठी इट्टी अच्युतन या वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांनीही माहिती पुरवली आणि त्यांची ग्वाही नागरी लिपीत त्याच ग्रंथात छापली गेली.

उत्तरपक्ष : या क्षेत्रातले सर्वांत बोलके उदाहरण गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे आहे. तो १५३४ मध्ये गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचे जाणे-येणे होते आणि मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होते. भारतातील औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तो दोन वैद्यांच्या संवादाच्या रूपात असून त्यात जुन्या ग्रीक ग्रंथांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्याला आणि येथल्या वैद्यांकडून ऐकलेल्याला मान आहे. पण ओर्ता ज्यू वंशाचा होता. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनचे, म्हणजे पाखंडाचा छडा लावणाऱ्या ख्रिस्ती धर्मसत्तेचे, न्यायालय बसले. १५६९ मध्ये त्याच्या बहिणीला जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. ज्या गोव्याने त्याचा ग्रंथ छापला, त्याच गोव्याने त्याच्या अस्थी जाळल्या.

पूर्वपक्ष : ग्रंथ मात्र उरला. त्याचा लॅटिन संक्षेप १५६७ मध्येच युरोपात निघाला होता आणि त्यातली विद्या पुढच्या पिढ्यांना मिळाली.

उत्तरपक्ष : ग्रंथ उरला तो त्या सत्तेमुळे नव्हे, तिच्या छळालाही पुरून उरला.

७. हिशेबाची रीत

दोन्ही पक्षांनी मांडलेल्या गोष्टी तपासल्या, तर वाद तथ्यांपेक्षा हिशेबाच्या रीतीचा आहे, असे दिसते. पूर्वपक्ष मानवजात ही एकच पेढी मानतो आणि शेवटी शिल्लक किती राहिली ते पाहतो. पण जमा ज्यांच्या नावावर पडली आणि खर्च ज्यांच्या नावावर पडला, ती माणसे एक नव्हती. सेव्हिल, लिस्बन आणि अ‍ॅम्स्टरडॅमच्या पेढ्यांत नफा आला. बांदा, पोतोसी आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किंमत चुकती झाली. एकाच्या कर्जाची फेड दुसऱ्याच्या प्राणांनी झाली, तर बेरीज जुळली तरी व्यवहार न्याय्य ठरत नाही.

उत्तरपक्षालाही एक मर्यादा पाळावी लागते. या काळातली प्रत्येक हानी कोणाच्या हेतूने झाली नाही आणि प्रत्येक लाभ कलंकित नाही. म्हणून परिणामांची तीन भागांत विभागणी करणे इष्ट. खुल्या समुद्रातली वाट सापडणे आणि पिकांचा प्रसार ही विद्येची व योगायोगाची फळे; त्यांचे श्रेय द्यावे. रोगांचा पहिला फैलाव ही अजाणता झालेली आपत्ती. तिचा शोक करावा, आरोप नव्हे. कार्ताज, मिता, गुलामांचा व्यापार, बांदाचा संहार आणि इन्क्विझिशन हे मात्र जाणूनबुजून केलेले निर्णय होते. त्यांना त्या काळीही विरोध झाला होता, म्हणून ‘काळच तसा होता’ हे उत्तर येथे पुरत नाही.

या जोडणीच्या खुणा मराठीत आजही नांदतात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाले, तरी रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईत पोर्तुगीजमिश्रित बोली बोलली जाते आणि पाव, चावी, पगार, लिलाव हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द मराठीचेच होऊन गेले आहेत. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांमार्गे आला, पण तो मूळचा त्यांचा नव्हे. कॅरिबियन बेटांवरचे तायनो लोक रताळ्याला ‘बताता’ म्हणत. तोच शब्द स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या जहाजांतून फिरत मराठीत पोहोचला. कोलंबस उतरल्यावर काही दशकांतच तायनोंचा स्वतंत्र समाज मोडून पडला. त्यांचा शब्द मात्र मराठी घरांत रोज उच्चारला जातो. या जागतिक हिशेबात मराठी ताटाच्या बाजूला जमा आहे आणि तिचा खर्च तायनोंच्या नावे लिहिलेला आहे.